सोफ्यामागच्या भिंतीसाठी रेषांचं प्रिंट हवंय, सल्ला द्या

मुग्धा_कोथरूड: काळ्या-पांढऱ्या रेषा, बघता बघता हलायला लागतात तसं अमूर्त प्रिंट हवंय. पोस्टर नको, हाताने छापलेलं स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई ढकलून काढलेलं) किंवा एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून काढलेलं). बजेट फ्रेमसकट १५ हजार, वर एक रुपया नाही. सासऱ्यांना अर्धशिशी आहे, तेही लक्षात घ्या.

सातासमुद्रापार: ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीच घ्या, हलणाऱ्या रेषा तिच्याच, बाकी सगळ्या नकला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमात, म्हणजे आधुनिक कलेच्या संग्रहालयात, 'द रिस्पॉन्सिव्ह आय' हे प्रदर्शन भरलं आणि तिच्या चित्रांचे चक्क ड्रेस शिवले लोकांनी, बाई भयंकर चिडली होती. आमच्याकडे तिचं सही असलेलं स्क्रीनप्रिंट आहे. किंमत सांगत नाही, नवरा इथे वाचतो.

मुग्धा_कोथरूड: १५ हजार *रुपये* हो ताई.

शाईचे_हात: 'जिक्ले' म्हणून गळ्यात मारतात ते इंकजेटच असतं. भिंग घेऊन जा. इंकजेटमध्ये ठिपक्यांची फवारणी दिसते, स्क्रीनप्रिंटमध्ये शाईचा सपाट थर आणि कापल्यासारखी कड. खाली पेन्सिलने १२/५० असेल तर पन्नास प्रतींतली ती बारावी. आणि साइटवरचा फोटो बघून रेषांचं प्रिंट कधीच घेऊ नका. फोटो लहान केला की रेषा आणि पिक्सेल एकमेकांत अडकून मोआरेच्या लाटा उठतात. प्रिंट घरी येतं, लाटा येत नाहीत.

खडूस_सदाशिव: फ्रेमवाल्याने काच थेट कागदावर टेकवली, मागे साधा पुठ्ठा. पावसाळा संपायच्या आत बुरशीचे तपकिरी ठिपके. आता आमच्याकडे रेषा नाही, ठिपके हलतात. अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा) मागा, काच आणि कागदात फट ठेवायला सांगा.

रिकामी_चौकट: हलणाऱ्या रेषा महिनाभरात डोक्यात जातात. झरीना हाश्मी बघा. 'होम इज अ फॉरेन प्लेस', १९९९, ३६ वुडकट, म्हणजे लाकडी ठशांवरून काढलेली प्रिंट. मोजक्या काळ्या रेषांत अख्खं घर. नाहीतर आपल्या किहीमच्या नसरीन मोहमदी.

शाईचे_हात: नसरीनची ती रेखाटनं, प्रिंट नव्हेत. शिवाय 'आपल्या किहीमच्या' कशा? जन्म कराचीचा.

रिकामी_चौकट: १९९० मध्ये गेल्या किहीमलाच. आणि मी 'बघा' म्हटलंय, 'घ्या' नाही.

कंपासपेटी: १५ हजार?? ग्राफपेपर आणि बारीक पेन आणा. आमच्या चिरंजीवांनी सुट्टीत हुबेहूब वासारेली काढलाय, तोच डोळ्यांना फसवणाऱ्या आकृत्यांचा चित्रकार.

बडोदेकर: अर्धशिशीकडे कुणी बघतंय का? दाट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अशा लोकांना खरोखर त्रास होतो. करड्यावर करडं घ्या. बडोद्याच्या फाइन आर्ट्सला किंवा जे.जे.ला विद्यार्थ्यांची प्रदर्शनं गाठा, थेट त्यांच्याकडूनच घ्या.

सातासमुद्रापार: अर्धशिशीबद्दल +१. रायली १९६७ पासून रंगात गेली, तिचं रंगीत घ्या.

खडूस_सदाशिव: काच टेकवू देऊ नका, परत सांगतोय.

मुग्धा_कोथरूड: घेतलं! एका विद्यार्थिनीकडून, ब्लाइंड एम्बॉसिंग. शाईच नाही. कोरलेल्या प्लेटवर ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा, पांढऱ्यावर पांढऱ्या रेषा नुसत्या उठतात. सकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की भिंतीला घड्या पडल्यासारखं वाटतं, रात्री ट्यूबलाइटखाली सगळं सपाट. सासरे म्हणाले, कोरा कागद मढवून आणलास. फ्रेमसकट साडेसतरा.

कंपासपेटी: शाई नाही आणि साडेसतरा!

खडूस_सदाशिव: पांढऱ्यावर बुरशी जास्त उठून दिसते.

बडोदेकर: फ्रेम कुणाकडून केली? कोथरूडमधला असेल तर नंबर व्यनि करा.