गाडी धुताना काय काय बिघडवलंत? (अनुभव धागा)

परवा संध्याकाळी उन्हं तिरपी झाली होती आणि मी गाडीला टेकून कुणाची तरी वाट बघत होतो. सहज बॉनेटकडे लक्ष गेलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक, गोल गोल चरे. एक-दोन नाही, हजारो. गाडी चार वर्षांची. कुठे घासली नाही, कुणी ठोकली नाही. मग हे केलं कुणी? मीच. रोज सकाळी निघण्याआधी कोरडं फडकं फिरवून, अगदी मनापासून.

धुळीत रेतीचे कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्यानं पुसलं की धूळ निघते, पण जाता जाता आपली सही करून जाते. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस बहुतेकांचा त्याहून जाड असतो. त्याच्यावर आपण वर्षानुवर्षं हात साफ करतो.

म्हणून हा धागा. तुमच्या हातून काय बिघडलं, कसं निस्तरलं किंवा निस्तरलंच नाही, ते लिहा. 'अमुक वापरा, झकास आहे' एवढंच नको. हात कसा चालला, काय दिसलं, ते सांगा.

*

माझी गाडी काळी. काळी गाडी घेणाऱ्याला आधी कुणीतरी बाजूला घेऊन समजवायला हवं, एवढंच म्हणते.

दोन वर्षं मी भांड्यांच्या लिक्विड साबणानं धुतली. फेस छान, तेलकटपणा जातो, अजून काय हवं? पण आधी पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळायचे, ते नंतर पसरट होऊन बसून राहायला लागले. रंगाला साबणानं थेट काही झालं नव्हतं, वरचं मेण मात्र प्रत्येक धुण्यागणिक निघून गेलं होतं. भांड्यावरचं तूपतेल काढायला बनवलेला साबण, तो मेणाला कसा सोडेल?

आता गाडीचा शाम्पू आणि दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं सुटी माती वाहवायची. मग मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, असं खाली येत जायचं. दारांच्या खालचा पट्टा सर्वात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली रेती तिथेच असते. प्रत्येक भागानंतर मोजा साध्या पाण्यात खळबळायचा, मग परत शाम्पूत. चाकांचं फडकं वेगळं. ते चुकूनही वर येऊ द्यायचं नाही.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा शेवटी साध्या बादलीतलं पाणी हळूच ओतून दिलं आणि तळाला बोट फिरवलं. रवाळ रेती, चिमूटभर सहज भरेल इतकी. एकाच बादलीत धुतलं असतं तर हीच रेती परत गाडीवर चोळली असती.

*

टूथपेस्टनं चरा जातो असं कुठेतरी पाहिलं होतं. चोळली. चरा गेला. त्याच्या जागी तळहाताएवढा धुरकट डाग आला.

*

वरचा प्रतिसाद वाचून हसू आलं, पण मीही त्याच पंथातला.

माझा किस्सा पक्ष्यांचा. गाडी झाडाखाली लावायचो, सावली मिळते म्हणून. एकदा तीन दिवस गाडी तशीच उभी होती आणि टपावर पक्षी शिटले. वाळून कडक झालं होतं. नखानं खरवडलं. वरचा पोपडा निघाला, खाली त्याच्या आकाराचा नकाशा राहिला. कडेला किंचित उंचवटा, मध्ये निस्तेज. ओला असताना दिसत नाही, कोरडा झाला की हजर.

यात आम्लाचा भाग आहेच, पण उन्हाचाही आहे. तापलेला क्लिअर कोट थोडा मऊ पडतो, वरची घाण वाळताना आक्रसते आणि गार होताना तो थर तिच्याच अंगानं बसतो. त्यामुळे उन्हाच्या दिवसांत 'रविवारी बघू' चालत नाही, त्याच दिवशी काढावं लागतं.

आता गाडीत पाण्याची बाटली आणि दोन मऊ फडकी कायम असतात. फडकं निथळतं ओलं करायचं, डागावर ठेवायचं, पाच-सात मिनिटं हात लावायचा नाही. मग चिमटीत धरून उचलायचं. पुसायचं नाही, उचलायचं. त्यात बियांचे कण असतात, पुसलं की तेच ओरखडे काढतात. झाडाचा चीक असेल तर मात्र पाण्यानं भागत नाही. त्याला डाग काढायचं स्पिरिट कापडाच्या टोकाला घेऊन हलकं टिपतो, लगेच पाण्यानं धुतो आणि त्या जागी परत मेण लावतो.

*

भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर, क्षारांच्या पाण्यानं गाडी धुवायची आणि 'वाळेल आपोआप' म्हणून आत जायचं. हे मी केलंय. बाहेर आलो तर गडद निळ्या गाडीवर पांढऱ्या कड्यांची रांगोळी. परत धुतली, तशीच. शाम्पूनं क्षार जात नाहीत.

व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यानं लावलं, मिनिटभर थांबलो, भरपूर पाण्यानं धुतलं. बरीचशी कडी गेली. जी जुनी होती त्यांनी क्लिअर कोटला खड्डा पाडला होता. ती व्हिनेगरला दाद देत नाहीत, तिथे पॉलिशच.

एक युक्ती उपयोगी पडली. शेवटच्या धुण्याला नळीचं तोंड काढून टाकायचं आणि पाणी नुसतं सोडायचं, टपावरून खाली. फवारा थेंब मागे ठेवतो, सलग धार बरोबर घेऊन जाते. निम्मं पुसणं वाचतं. उरलेल्यावर मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा.

*

माझं कामच रंगाचं. इतकी वर्षं बूथमध्ये आहे, म्हणून थोडं लांबवतो.

लोक गाडी आणतात आणि म्हणतात, पॉलिश मारा, चकचकीत करा. पॉलिश म्हणजे काही लावणं नव्हे, काढणं. चरा बुजत नसतो. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या पातळीपर्यंत खाली आणतात, म्हणून तो दिसेनासा होतो. थोडे मायक्रॉन दर वेळी जातात. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून बहुतेकदा १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात आपल्या वाट्याला फक्त वरचा थर, आणि तो पुन्हा वाढत नाही. दर वर्षी कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, मारून घेणारी गाडी काही वर्षांत ऊन सोसेनाशी होते, मग टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटतात. तेव्हा पॉलिश चालत नाही, घासून परत रंगवावं लागतं.

सुरुवातीच्या काळात मी एका बॉनेटची कड जाळली होती. पॉलिशचं रोटरी मशीन, म्हणजे पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं, आणि नवा उत्साह. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचं पॅड तिथे जास्त दाबतं. दोन सेकंद रेंगाळलो आणि रंगाखालचं अस्तर, पांढरं प्राइमर, दिसलं. गाडीवाल्याला फोन करून सांगितलं तो दिवस अजून आठवतो. आता कडांना आणि उंच रेघांना आधी टेप लावतो. घरी करणाऱ्यांनी रोटरीच्या वाटेला जाऊच नये. ड्युअल अॅक्शन मशीन फिरता फिरता डुलतं, एका जागी उष्णता साठवत नाही. वेळ जास्त लागतो, पण चूक पचते.

चऱ्यावर आडवं नख फिरवून बघा. अडकलं नाही तर पॉलिशनं बहुधा जाईल. अडकलं तर सगळं काढायच्या नादी लागू नका. आणि एखादा भाग नव्यानं रंगवून घेतला असेल तर लगेच मेण चढवू नका. आतली द्रावकं उडून जायला वेळ लागतो. आम्ही ३० ते ६० दिवस थांबायला सांगतो. कुणी थांबत नाही, ते सोडा.

*

लोखंडाच्या कणांचं कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उठले. वाटलं, गंजली. पोटात गोळा आला. नीट पाहिलं तर पत्रा शाबूत होता. ब्रेकची भुकटी, रुळांजवळची लोखंडी धूळ रंगावर बसते आणि ते कण गंजतात.

गाडी धुवून कोरडी केली आणि हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून हलकेच फिरवली. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारं बॉनेट पिशवीतून चक्क सँडपेपर लागलं. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा, मारल्यावर दोन मिनिटांत पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागले. वासानं डोकं उठतं, सडक्या अंड्यांसारखा. पण दृश्य बघण्यासारखं. उरलेलं क्ले बारनं, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीनं, काढलं, भरपूर शाम्पूचं पाणी मारत, जोर न लावता.

क्ले खाली पडला तर फेकून द्यायचा असतो. मी धुवून परत वापरला. एका दारावर त्याची शिक्षा अजून आहे.

*

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवतात त्या कडक पारदर्शक थराबद्दल, एक तक्रार. जिथे करून घेतलं तिथे '९एच, ओरखडेच पडणार नाहीत' असं सांगितलं. ९एच हे पेन्सिलच्या कडकपणाचं मोजमाप आहे, हिऱ्याचा नव्हे. पुढच्या गाडीनं खडी उडवली आणि बॉनेटवर टवका उडाला, कोटिंगसकट. शिवाय आधीचे चरे न काढताच कोटिंग चढवलं, त्यामुळे ते आता काचेखाली ठेवल्यासारखे जपून राहिलेत.

*

वरच्या तक्रारीतला दुसरा भाग कोटिंगचा दोष नाही, करणाऱ्याचा आहे. माझं कोटिंग तीन वर्षांचं आहे आणि मी खूश आहे. ओरखड्यांसाठी नाही, धुण्यासाठी. चिखल धरून बसत नाही, पाण्यानंच निम्मा उतरतो. म्हणजे घासणं कमी, म्हणजे चरे कमी. खडीपासून वाचायचं तर पारदर्शक फिल्म हवी, पॉलियुरेथेनची. तिचेही नखरे आहेत म्हणा. प्रेशर वॉशरचं तोंड कडेजवळ नेलं आणि माझ्या बंपरवरची फिल्म कोपऱ्यातून सुटली. आता हातभर अंतर राखतो.

*

सगळे चकाकीचं कौतुक करताय म्हणून थोडं घाणीतलं लिहिते.

माझी गाडी वरून आरशासारखी होती आणि दार उघडताना आतून 'डुब्बुक' आवाज यायचा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती माती आणि पाल्यानं बुजली होती. केसाच्या पिनेनं उकरल्यावर चहाच्या रंगाचं कपभर पाणी पडलं. गंज आतून सुरू झाला होता. रंगाचे फुगे बाहेर दिसतात तेव्हा आतली गोष्ट जुनी झालेली असते. आता धुताना चाकांच्या कमानींच्या आतल्या कडेवर बोट फिरवते. तिथे ओली माती ठाण मांडून बसते. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालाही हातानं काढते.

आणि कव्हर. धुळीच्या गाडीवर कव्हर घालून वाऱ्यात उभी केलीत तर कव्हर रात्रभर तिला घासत बसतं. धुवून, वाळवून मगच घाला, नाहीतर नको.

*

खडीचा टवका मी स्वतः बुजवला, तेवढंच सांगतो. रंगाचा कोड बहुधा दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंजिनजवळच्या पट्टीवर असतो. त्यावरून टच-अपची बाटली मिळाली. बाटलीतल्या ब्रशनं पहिला प्रयत्न केला तर टवक्याहून मोठा ठिपका झाला. पुसला. मग काडेपेटीतली काडी तासून टोक केलं, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब घेतला आणि खड्ड्याच्या मध्यावर टेकवला. थेंब स्वतःच कडेपर्यंत पसरला. वाळल्यावर बसतो, म्हणून तीनदा, मध्ये काही तास सोडून. जवळून दिसतो. गंज नाही धरला, मला तेवढंच हवं होतं.

*

इतके दिवस नुसती वाचत होते. माझ्या लेकीनं गाडीच्या मागच्या दारावर धुळीत बोटानं घर काढलं होतं. दोन खिडक्या, एक सूर्य, बाजूला बहुतेक मी. मला कौतुक वाटलं, फोटो काढला आणि गाडी धुतली. घर गेलं असं वाटलं. धाग्याच्या सुरुवातीला लिहिलंय तसं आज संध्याकाळी तिरप्या उन्हात जाऊन पाहिलं. खिडक्यांसकट आहे.

रंगकाम करणाऱ्या दादांना विचारायचं होतं, तेवढा चौकोन टेप लावून सोडून बाकीच्या दाराला पॉलिश करता येतं का?