दुःख, श्रद्धा आणि घरातले वाद : सोलापूरच्या मुलांनी आधी काय वाचायचं?

जुनी_पेठ_सोलापूर :
एमएच्या मुलांचे लघुप्रबंध ऐकायला बसलो होतो. विषय होता 'अभिजात साहित्यातील दुःख, श्रद्धा आणि कुटुंबकलह'. बहुतेकांनी रशियन लेखक दस्तयेवस्कीची 'ब्रदर्स कारामाझोव्ह' घेतलेली. कादंबरी थोर आहे, वादच नाही. पण मंगळवेढं आपल्याच जिल्ह्यात, आणि संत चोखामेळा, आपले चोखोबा, यांच्या घराचा उल्लेख एकाही प्रबंधात नाही, हे मला फार लागलं.

एका घरात अभंग रचणारे पाच जण : चोखोबा, सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका. चोखोबांच्या नावावरचा एक अभंग म्हणतो, 'यातिहीन मी महार । पूर्वी निळाचा अवतार', कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म आला. बाप दुःखाचं कारण मागल्या जन्मात शोधतो. मुलगा ते मान्यच करत नाही. तो थेट विठ्ठलाला धरतो : 'आमुचे घरी भात दही । खावोनि कैसा म्हणसी नाही'. आमच्या घरी जेवलास, आता नाही कसं म्हणतोस? आणि शेवटी, 'कासया जन्म दिला मजला'. कादंबरीतला इव्हान, देवाला जाब विचारणारा कारामाझोव्ह भाऊ, जे पानंच्या पानं बोलतो, ते इथं एका छोट्या अभंगात आहे. सोलापूरच्या विद्यार्थ्याने आधी हे वाचावं, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजीवाली :
सर, 'आधी' या शब्दालाच माझा विरोध आहे. इव्हान आणि कर्ममेळा एकच बोलत नाहीत. इव्हान स्वतःच्या दुःखाबद्दल बोलतच नाही. परक्या लेकरांचे हाल सांगून तो देवाला त्याच्या स्वर्गाच्या 'प्रवेशाचं तिकीट' परत करतो. कर्ममेळ्याकडे परत करायला तिकीटच नाही, त्याला दारातच अडवलंय. दोघांना एका ओळीत बसवलं तर दोघांवरही अन्याय होतो.

आणि रशियाचं आपल्याला काय, असं नका म्हणू. दस्तयेवस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा 1878 मध्ये गेला, तीन वर्षांचाही नव्हता. 1879 पासून कादंबरी छापून येऊ लागली. तिच्यात एक खेडवळ बाई झोसिमा नावाच्या साधूकडे येते. तिचं पोर तीन वर्षांचं व्हायला तीन महिने कमी असताना गेलेलं. ती उराशी धरलेला त्याचा इवलासा कमरपट्टा काढून दाखवते. हे मी आजीला मराठीतून सांगितलं. तिचंही एक मूल गेलेलं. ती एवढंच म्हणाली, 'पट्टा कुणी टाकून द्यायला सांगितलं नाही ना तिला?' आजीला रशिया लांब वाटला नाही.

पायीवारी :
जुनी पेठ, तुम्ही बापलेकांत भांडण लावताय. 'हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा' हे चोखोबांचंच ना? बापानेही विचारलंय. आणि विठोबाला जाब विचारणं म्हणजे श्रद्धा सुटणं नव्हे. परक्याला कोण म्हणतं, माझ्या घरी जेवलास म्हणून? तो घरचा मानलाय म्हणून तर इतकं तोडून बोलता येतं. प्रबंधांत याला सरसकट 'विद्रोह' म्हणतात. वारीत चालणाऱ्याला ते पटत नाही.

पोथीवाचक :
मला दोघांचंही पटत नाही. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले अशी परंपरा आहे. मग पूर्वजन्माचं स्पष्टीकरण सांगणाऱ्याचं की लिहिणाऱ्याचं? हा प्रश्न न सोडवता 'बाप असा, मुलगा तसा' म्हणणं घाईचं आहे.

घरातला कलहच हवा तर निर्मळेकडे बघा. सोयरा गरोदर असताना चोखोबा तिला काही न सांगता मेहुणपुरीला बहिणीकडे निघून गेले, आणि निर्मळेने भावाला चांगलंच सुनावलं. इकडे विठ्ठल निर्मळेच्या रूपात येऊन सोयरेचं बाळंतपण करतो, अशी कथा आहे. संशोधनाला खरी जागा ही आहे. नवरा भक्तीत, बायको एकटी, आणि देवाला नणंद व्हावं लागतं. यावर कुणी लिहिलं तर मी पहिला वाचेन.

जुनी_पेठ_सोलापूर :
अनंतभट्टांचा मुद्दा धरला तर माझीच बाजू भक्कम होते. बापाच्या तोंडी सोयीचं उत्तर घातलं असेल, तरी मुलाचा प्रश्न पुसता आला नाही. पायीवारी, तुमचा 'घरचा' हा शब्द मला पटतो. पण कर्ममेळ्याला त्याच अभंगात घरच्याला 'लाज न ये तुमचे चित्ता' म्हणावं लागतं, तेव्हा तो नुसता लाडिक रुसवा राहत नाही.

इंग्रजीवाली :
मी विषय बदलतेय. कादंबरीत झोसिमाच्या प्रेताला लगेच दुर्गंधी सुटते आणि लोकांची श्रद्धा डळमळते. मंगळवेढ्यात 1338 मध्ये गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं म्हणून नामदेवांनी ती ओळखली, असं परंपरा सांगते. एका गावात प्रेताने श्रद्धा मोडली, दुसऱ्या गावात हाडांनी ती राखली. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून लिहिणार, आधी-नंतर काही नाही.

पायीवारी :
लिहा ताई. फक्त हाडांची गोष्ट 'दंतकथा' म्हणून एका ओळीत उडवू नका. पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, आधी तिथं जाऊन या.

पोथीवाचक :
आणि ती भिंत बांधायला त्यांना कुणी, कशासाठी लावलं होतं, हे पहिल्या प्रकरणात घ्या. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांकडून गावकूस बांधून घेतलं जात होतं. त्याआधी हाडांच्या नामापर्यंत पोहोचू नका.