फ्रेमला आलाय सांगाड्याचा फोटो. देव म्हणायचा की करणी?

शहापूरचा फ्रेमवाला

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापुरात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. यल्लम्मा, जोतिबा, शिवाजी महाराज, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो, एकतीस वर्षं हेच करायलोय. आजवर एकाही गिऱ्हाइकाला माघारी धाडलं नाही. परवा मात्र हात थांबला.

आमच्या गल्लीतला एक पोरगा क्रूझवर कुक आहे, सुट्टीवर आलाय. त्यानं काउंटरवर गुंडाळी उलगडली. वीतभर रुंद, हातभर उंच चित्र. डोक्यावरून पदर घेतल्यासारखा झगा, सात रंगांचा, आणि पदराच्या आत नुसती कवटी! एका हातात लांब दांड्याचा विळा, दुसऱ्यात पृथ्वीचा गोळा, पायाशी घुबड. "हे काय रे?" म्हटलं. "मामा, सांता मुएर्ते. मेक्सिकोतली. किचनमधल्या दोस्तानं दिली. मला लाभलीय ती." शुक्रवारी येतो म्हणून गेलासुद्धा.

दुकानातला पोऱ्या कागदाला शिवेना. बायको म्हणायली, "अहो, देवांच्या शेजारी तेवढं ठेवू नका." म्हणून लग्नाच्या फोटोंच्या ड्रॉवरात ठेवला. मग वाटलं हे तर त्याहून वाईट, लोकांची नवी लग्नं ती! शेवटी वारलेल्यांच्या गठ्ठ्यात सरकवला.

करणीबिरणीचा प्रकार आहे का हा? नेटवर बघितलं तर सगळीकडं माफिया आणि रक्तच. आणि धंद्याचं विचारायचं तर, काळा माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, घातला तर चालेल का?

निपाणीकर

काळा नको, थांबा! चार वर्षं मेक्सिकोत, केरेतारो शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होतो, म्हणून सांगतो.

सांता म्हणजे संत, मुएर्ते म्हणजे मृत्यू. स्पॅनिशमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ही बाई. लोक लाडानं 'ला फ्लाका' म्हणतात, म्हणजे हडकुळी. झग्याच्या रंगाला अर्थ असतो. लाल प्रेमासाठी, सोनेरी पैशासाठी, हिरवा कोर्टकचेरीसाठी. काळा संरक्षणासाठी, पण दुसऱ्याचं वाईट चिंतणारेही काळीच पुजतात. तुमची सात रंगांची, म्हणजे सगळ्याच कामांची.

पूर्वी लोक हिला घरातल्या घरात, चोरून पुजायचे. मेक्सिको सिटीत तेपितो नावाची बाजारपेठ आहे, चोरीच्या मालासाठी बदनाम. तिथं एन्रिकेता रोमेरो नावाची केसादिया विकणारी बाई राहायची. केसादिया म्हणजे मक्याच्या भाकरीत चीज भरून भाजलेलं. तिनं २००१ मध्ये ऑक्टोबरअखेरीस आपली माणसाएवढी मूर्ती घराबाहेर, रस्त्याच्या तोंडावर मांडली. तिथून सगळं उघड झालं. दर महिन्याच्या एक तारखेला तिथं जपमाळ होते. मी एकदा गेलोय. माझ्या पुढं एक आजी होती, तिनं घरचा सांगाडा दुपट्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला. ऊन लागू नये म्हणून वर रुमाल धरलेला.

नैवेद्य दारू, सफरचंद, चॉकलेट, पाण्याचा पेला. सिगारेट पेटवून धूर तिच्या तोंडावर सोडतात. गुंड येतात हे खरं, पण पोलीसही येतात, फेरीवालेही, तुरुंगातल्यांच्या आयाही. मरण कुणाची जात बघत नाही, म्हणून ही कुणाला हाकलत नाही, असं तिथले म्हणतात. सरकारला मात्र ती गुंडांचीच वाटते. २००९ मध्ये अमेरिकेच्या सीमेवरच्या नुएवो लारेदोजवळची तिची देवळं लष्करानं बुलडोझर लावून पाडली.

आणि ती फुलांची हॅट घातलेली कवटी असते ना, ती कात्रिना. ती वेगळी, पोसादा नावाच्या चित्रकाराची चेष्टा. तिला कोणी नवस बोलत नाही.

खानापूरची माई

आम्ही कॅथलिक. आमच्याकडं हिला कोणी संत म्हणणार नाही. व्हॅटिकनच्या कार्डिनल रावासींनी २०१३ लाच याला देवनिंदा म्हटलंय. दोन नोव्हेंबरला आम्ही सिमितरीत मेणबत्त्या लावतो त्या आमच्या माणसांसाठी, मरणासाठी नव्हे. चांगलं मरण यावं म्हणून सेंट जोसेफकडं मागायचं असतं. बाकी फ्रेम तुमची, पोट तुमचं.

बाकरवाडी

भाऊ, आपल्या बेळगावचे पुढारी सतीश जारकीहोळींनी ६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेऊन रात्र तिथंच काढली, आणि तुम्ही कागदाला घाबरताय?

सौंदत्तीची वारी

मामा, मार्गशीर्षात रांडाव पुनवेला डोंगरावर काय होतं? यल्लम्मा आईचा नवरा जमदग्नी मारला गेला म्हणून तिच्या नावानं बांगड्या फोडतात. माघात पुन्हा चुडा चढतो. विधवा देवी आपल्याला चालते. आणि दहाव्याला पिंडाजवळ आपण म्हाताऱ्याची तंबाखूची चंची ठेवतोच की. मग त्यांच्या सिगारेटीचं काय एवढं?

शहापूरचा फ्रेमवाला

सगळ्यांचे आभार. सौंदत्तीची वारी, पटलं, पण निम्मंच. आईचा नवरा गेला, आई काही मरण नव्हे. आपलं मरण म्हणजे यम, आणि एकतीस वर्षांत यमाचा फोटो माझ्याकडं एकदाही आला नाही. सत्यवान-सावित्रीच्या चित्रात रेड्यावर बसून असतो तेवढाच. तोही माउंटखाली निम्मा जातो, कोण तक्रार करत नाही.

माई, राग मानू नका. तुमचं बोलणं पोराच्या कानावर घातलं. हसला.

शुक्रवारी आला तेव्हा विचारलं, लाभली म्हणजे काय? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नव्हतं, म्हणं. घरचं कर्ज डोक्यावर. दोस्तानं बंकमध्ये हिच्यापुढं सिगारेट ओढली, आठवड्यात मेल आला. कोण जाणे. आमच्याकडं यल्लम्माची फ्रेम न्यायला येतात तेही असंच काहीतरी सांगतात.

"लावणार कुठं?" म्हटलं. "कपाटाच्या दाराला, आतनं. आईला सांगितलं नाही अजून."

मग काय, जाड सोनेरी पट्टी काढलेली ती ठेवून दिली. अर्ध्या इंचाची साधी पट्टी घेतली, नाहीतर दार लागायचं नाही. माउंट पांढरा, विळ्याचा दांडा कापला जाऊ नये म्हणून खालून थोडा रुंद. तो काच नको म्हणत होता, मीच बसवली. धूर सोडणार असेल तर कागद महिन्यात पिवळा पडेल. काच असली की ओल्या फडक्यानं पुसता येतं.

मागची टेप पोऱ्यानं लावली. पालथ्या फ्रेमला हात लावायला त्याची हरकत नव्हती.