चॅपरालच्या (दाट, सदाहरित झुडपांच्या) टेकड्यांवर लहान प्राण्यांसाठी सापळे कोठे लावावेत?

प्रश्न:
कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या टेकड्यांवर, जेथे चॅमिस आणि सेज यांची दाट झुडपे संपून एका उघड्या पट्ट्यानंतर गवत सुरू होते, तेथील लहान सस्तन प्राण्यांची नोंद करण्याच्या कामात मी विद्यार्थी म्हणून सहभागी होत आहे. राज्याच्या वन्यजीव विभागाचा परवाना आमच्या मार्गदर्शकांकडे आहे. शर्मन सापळे (प्राण्याला जिवंत पकडणारे ॲल्युमिनियमचे डबे) झुडपात लावावेत की उघड्यावर, आणि आमिष कोणते ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
दोन्हीकडे लावा, पण मधला उघडा पट्टा मुळीच सोडू नका. सेजच्या पानांतून हवेत मिसळणाऱ्या रसायनांमुळे तेथे काही उगवत नाही, असे १९६४ मध्ये मांडले गेले होते. १९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्याच पट्ट्यात जाळ्या लावून प्राण्यांना अडवले, तेव्हा जाळीच्या आत गवत वाढले. झुडपाचा आसरा सोडून फार दूर न जाणारे उंदीर आणि ससे जवळचे बी आणि कोंब फस्त करतात, हे त्यातून पुढे आले. म्हणून सापळ्यांची ओळ झुडपातून निघून पट्टा ओलांडत गवतात जाऊ द्या. कोणता प्राणी कोठवर येतो, हे त्यावरूनच कळेल.

उत्तर २:
आमिष म्हणून ओट्स किंवा पक्ष्यांचे दाणे ठेवावेत. शेंगदाण्याच्या लोण्याला मुंग्या लागतात आणि अडकलेल्या प्राण्याला त्या जिवंतपणी चावून काढतात, हे ध्यानात असू द्या. आत पॉलिस्टरचा पिंजलेला पुंजका अवश्य घाला, कारण कापूस ओला झाला की ऊब देत नाही. सापळे सूर्यास्ताच्या सुमारास उघडून पहाटेच तपासावेत आणि दिवसभर बंद ठेवावेत; उन्हात तापलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात प्राणी तग धरत नाही. कांगारू उंदरासाठी लांब सापळाच हवा, अन्यथा त्याची शेपटी दारात चिरडते.

उत्तर ३:
डीअर माउस या रानउंदरामधून हंताविषाणू (माणसाला फुप्फुसांचा जीवघेणा आजार देणारा विषाणू) पसरतो, हे अमेरिकेत १९९३ च्या साथीत स्पष्ट झाले. त्यामुळे हातमोजे आणि मुखपट्टी यांबाबत सवलत नको. वुडरॅट या रानटी उंदराने काटक्या रचून केलेले घर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते, तेव्हा ते उकरू नका. शेजारी सापळा ठेवणे पुरेसे आहे. लख्ख चांदण्यात कांगारू उंदीर उघड्यावर कमी येतात, म्हणून प्रत्येक रात्रीच्या नोंदीत चंद्राची कलाही लिहावी.