गच्चीवरचा सिनेमा आणि गेलेली लाईट

सेक्रेटरी काका (ए-१०१): सर्वांना ईस्टरच्या शुभेच्छा. काल रात्री गच्चीवर सिनेमाला बसलेल्यांनी चटया तिथंच टाकल्यात. लहान मुलाची एक चप्पल वॉचमनकडे आहे. टाकीचं झाकण उघडं होतं. हे परत नको.

सिस्टर मावशी (बी-२०३): झाकण माझ्याकडून राहिलं काका. प्रोजेक्टर टेकवायला दुसरं काही सापडेना म्हणून तेच घेतलं. सॉरी. चप्पल आमच्या नातवाची.

सी-३०४: मावशी, एक विचारू? राग नका मानू. येशूची गोष्ट तुम्हाला लहानपणापासून पाठ, शेवटही माहिती. मग रडायला कसं येतं? काल तुम्ही पदर तोंडाला लावून बसला होतात.

काकू (ए-२०२): अरे, असं चारचौघांत विचारतात होय?

मावशींचा मुलगा (बी-२०३): विचारू दे काकू. कालचा सिनेमा १९७९ चा, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला. दोन हजारांपेक्षा जास्त भाषांत डब झालाय. मराठीत येशू बोलायला लागला की आमच्या घरात सगळे गप्प.

सर (ए-३०१): शेवट माहिती असण्याचा काही संबंध नाही बाळा. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चाललाय आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण! तिथून झपाटले, ते १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ करूनच थांबले. आपला सगळा सिनेमा त्या एका संध्याकाळचं देणं लागतो.

काकू (ए-२०२): आमची आजी १९३६ चा ‘संत तुकाराम’ बघून आली ती चार दिवस पागनिसांना तुकोबाच म्हणायची. नट आहेत म्हटलं की चिडायची.

सी-३०४: सर, फाळक्यांनी निदान सिनेमा काढला. मी मावशींचं विचारतोय 🙏

सिस्टर मावशी (बी-२०३): थांब, भाजी गॅसवर आहे. सावकाश लिहिते.

वॉचमनच्या मोबाईलवरून: टँकर साडेअकराला येणार. गाड्या गेटपासून बाजूला घ्या.

सिस्टर मावशी (बी-२०३): हं. काल लाईट कधी गेली आठवतंय का तुला? याईर येशूच्या पायाशी येतो. त्याची बारा वर्षांची एकुलती एक पोरगी मरायला टेकलेली. येशू निघतो, वाटेत गर्दी, आणि घरून निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता. नेमकी तिथं लाईट गेली. तुम्ही पोरं मोबाईलच्या बॅटऱ्या लावून ओरडत होता. आमच्या ताईची लेक मागच्या श्रावणात गेली, ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा सिनेमा तिथंच थांबलाय रे. त्या निरोपावर. त्यापुढची रीळ आम्हाला दिसलीच नाही. दहाएक मिनिटं डास मारत अंधारात बसले आणि मनात तेवढंच.

सिस्टर मावशी (बी-२०३): मग लाईट आली, पोरगी उठून बसली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. खरं सांगते, राग आला. ती उठली, आमची का नाही? आम्ही काय कमी प्रार्थना केल्या? पदर लावला तो रागानं. भक्तीबिक्ती काही नव्हती त्यात.

सी-३०४: सॉरी मावशी. मला वाटलं...

सिस्टर मावशी (बी-२०३): सॉरी कशाला. रात्री झोप येईना म्हणून लूक काढला. आठवा अध्याय, पंचावन्नावी ओवी. मुलगी उठल्यावर येशू लगेच सांगतो, तिला काहीतरी खायला द्या. शंभरदा वाचलंय, पण कधी थांबले नव्हते तिथं. मार्कच्या शुभवर्तमानातही आहे ते, पण प्रेषित पौल आपल्या पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो ना, म्हणून मला ते वाक्य वॉर्डातलंच वाटलं. वान्लेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत काढलेल्या आपल्या मिशन हॉस्पिटलात तेहतीस वर्षं काढली मी. मोठे डॉक्टर राऊंड घेऊन पुढं जातात. पेजेची वाटी सिस्टरच्या हातात असते. एक चमचा, थांबायचं, गिळलं का बघायचं, मग दुसरा.

सिस्टर मावशी (बी-२०३): मेलेल्याला उठवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. वाटी होती. आणि सात महिने मी ताईकडे नुसती प्रार्थनेला जात होते. डोळे मिटून बोलायचं, आमेन, रिक्षा पकडून परत. ती जेवते का, काय जेवते, एकदाही स्वयंपाकघरात डोकावले नाही. सिस्टर असून!

सर (ए-३०१): 🙏

काकू (ए-२०२): मावशी, माझ्याकडे गरम भाकऱ्या आहेत. पाठवू?

सिस्टर मावशी (बी-२०३): भाकरी मीच थापते गं, ताईला माझ्या हातची पातळ लागते. खर्डा दे थोडा. उपासना आटपून तशीच विश्रामबागला जाते.

सी-३०४: मावशी मी सोडतो गाडीवरून. रविवारी रिक्षावाला तुम्हाला लुटेल.

सेक्रेटरी काका (ए-१०१): टँकर आलाय. एमएच-१० पांढरी स्विफ्ट कुणाची आहे ती काढा!! तिसऱ्यांदा सांगतोय.

सर (ए-३०१): माझी. आलो.

काकू (ए-२०२): मावशी, पोचलात का? दुपार झाली.

सी-३०४: पोचलो. मला बाहेरच्या खोलीत बसवलंय. आत दोघी बहिणी भांडतायत, मीठ कमी का जास्त यावरून.

सिस्टर मावशी (बी-२०३): कमी नव्हतं मीठ. दीड भाकरी खाल्ली तिनं.