एनटी (बाळाच्या मानेमागचा द्रवाचा थर) २.१ मिमी आलाय, पुन्हा मोजून घ्यावा का?

चांदणवेल
आज एनटी स्कॅन झाला. १३ आठवडे ३ दिवस, सीआरएल (बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी) ७४ मिमी, एनटी २.१, नेझल बोन (नाकाचं हाड) दिसतंय. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलंय, पण नणंदेचा १.२ होता, म्हणून जीव खालीवर होतोय. दुसऱ्या सोनोलॉजिस्टकडे जाऊ का? आणि स्कॅन चांगला असेल तर डबल मार्करची रक्ततपासणी कशाला?

काठावरचा
नणंदेचं सीआरएल किती होतं?

चांदणवेल
तिला जुनी फाइल शोधायला लावली. ५२.

काठावरचा
मग तुलनाच चुकतेय. बाळ वाढतं तसा एनटीही वाढतो. सीआरएल ४५ असताना १०० पैकी ९५ बाळांचा एनटी साधारण २.१ च्या आत असतो, ८४ ला तीच मर्यादा २.७ च्या आसपास जाते. तुमचा आकडा आरामात आत आहे. ३.५ च्या वर गेला की मात्र गुणसूत्रांसोबत हृदयाचीही नीट तपासणी करतात.

मृण्मयी_क
मी सोनोग्राफी करते, म्हणून थोडं जास्त लिहिते. हे दशांश मिलिमीटरचं काम आहे. बाळाची मान मागे ताणलेली असेल तर एनटी जास्त भरतो, हनुवटी छातीला टेकली असेल तर कमी. म्हणून बाळ सरळ होईपर्यंत थांबतो, डोकं आणि छातीचा वरचा भाग पडदाभर मोठा करतो, दोन-तीनदा मोजतो आणि नीट आलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहितो. मानेमागची कातडी आणि बाळाभोवतीचं पातळ आवरण वेगवेगळं दिसायलाच हवं, नाहीतर भलतंच मोजलं जातं. (बाळं आमचं ऐकत नाहीत. कधी कधी आईला फेरी मारून यायला सांगतो.)

चांदणवेल, पुन्हा स्कॅनच्या मागे लागू नका. ही मोजणी सीआरएल ४५ ते ८४ एवढ्यातच चालते आणि तुमचं बाळ चार-पाच दिवसांत ८४ ओलांडेल. त्यापेक्षा रक्त द्या. डबल मार्करही १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच. आईचं वय आणि एनटी एवढ्यावर डाउन सिंड्रोमची चारातली तीन बाळं कळतात, डबल मार्करमध्ये मोजतात ते रक्तातले दोन घटक, बीटा एचसीजी आणि पॅप-ए, जोडले की दहातली नऊ. अर्थात १०० निरोगी गर्भारपणांत पाचेक जणींना उगाच 'हाय रिस्क' येतो, तेव्हा तसं आलं तर ते निदान समजू नका.

काठावरचा
एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी) थेट केली तर?

मृण्मयी_क
डाउनसाठी ती जास्त अचूक आहे आणि पुढेही करता येते. पण तीही चाळणीच, पक्कं उत्तर गर्भजल किंवा वारेच्या तपासणीतूनच मिळतं.

चांदणवेल
उद्या सकाळी रक्त देते. उपाशीपोटी जायचं का?

मृण्मयी_क
गरज नाही, खाऊन जा. स्कॅनचा रिपोर्ट सोबत न्या. लॅबच्या फॉर्मवर सीआरएल, एनटी, स्कॅनची तारीख, तुमचं वय आणि वजन बरोबर भरलंय ना ते स्वतः बघा. आयव्हीएफ असेल तर तेही लिहा, त्यावर हिशोब बदलतो.