समुद्रकिनाऱ्यावरच्या उद्यानात चाकाच्या खुर्चीसह सहल: कोणती ओहोटी निवडावी?

नमस्कार,

उपनगरातल्या समुद्रालगतच्या एका उद्यानात सगळ्या कुटुंबासह एक दिवस घालवण्याचे आम्ही ठरवले आहे. चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्या सासूबाई, पाणी दिसले की धावत सुटणारी ४ वर्षांची मुलगी आणि पोहता येते म्हणून आत जाण्याचा हट्ट धरणारा १३ वर्षांचा पुतण्या बरोबर असतील. सासूबाईंना हिरवळीवर बसवून बाकीच्यांनी पाण्याकडे जावे, हा सोपा मार्ग मला मान्य नाही. लाट एकदा तरी पावलांवरून जावी अशी त्यांची इच्छा आहे आणि ती पुरी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

अडचण कोरड्या वाळूची आहे. खुर्चीची पुढची लहान चाके मऊ वाळूत लगेच रुततात. खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत नेली तर थोडे सोपे जाते, पण लांबवर तसे नेणे बसणाऱ्याला आणि ओढणाऱ्याला, दोघांनाही त्रासाचे आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ओली वाळू मात्र घट्ट असते, म्हणून ओहोटीची वेळ साधणे भाग आहे. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे एका रविवारी सकाळी ८ वाजता ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळपास पूर्ण भरती असते.

तक्ता पाहिल्यावर आमच्यापुढे दोनच पर्याय उरले आहेत. या किनाऱ्यावर सकाळची सोयीची ओहोटी पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत येते. तेव्हा पाणी दूरवर ओसरते, घट्ट वाळूचा पट्टा चांगला रुंद मिळतो आणि १० नंतरचे कडक ऊनही टळते. पण उधाणाचे पाणी परतते तेही जोराने, आणि भरती लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने चढते. दुसरा पर्याय अष्टमी उलटल्यावर दोन-तीन दिवसांनी दुपारी ४ नंतर येणाऱ्या ओहोटीचा. भांगाच्या त्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असते, पण ओला पट्टाही अरुंद राहतो. शिवाय दुपारचे खारे वारे जोरात असतात आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत नेमकी वाळू उडते.

त्यातच पुतण्याची काळजी आहे. किनाऱ्यापासून आत खेचणारा प्रवाह ओहोटीच्या सुमारास अनेकदा अधिक जोर धरतो, म्हणजे सासूबाईंना जी वेळ सोयीची तीच त्याला धोक्याची. फुटणाऱ्या लाटांच्या मधली शांत दिसणारी जागा सुरक्षित नसते, आणि प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहावे, हे त्याला सांगितले आहे. तरीही जीवरक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात आणि कमरेइतक्याच पाण्यात राहायचे, ही अट मी सोडणार नाही.

वृद्ध माणसाला खुर्चीतून पाण्यापर्यंत नेण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: उधाणाची सकाळ निवडावी की भांगाची दुपार? सकाळ निवडल्यास पाणी पूर्ण ओसरल्यानंतर किती वेळाने खुर्ची मागे फिरवावी? आणि उद्यानाच्या पायवाटेपासून ओल्या वाळूपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यावर चटया अंथरून भागते, की रुंद, फुगीर चाकांची खुर्ची मिळवणेच योग्य?